सातबाऱ्याची उकल

ठाणे जिल्ह्यात मानपाडा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन जागा आहेत. एक ठाणे तालुक्यात, घोडबंदर रस्त्यालगत येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी असून महसुली कागदांत ती चितळसर मानपाडा अशा जोडनावाने येते. दुसरी कल्याण तालुक्यात, डोंबिवलीच्या पूर्वेला, औद्योगिक वसाहत आणि कल्याण-शीळ रस्ता यांच्या शेजारी आहे. दप्तर कागदी होते तोवर या नामसाम्याने फारसे काही अडले नाही, कारण ठाण्याचे दप्तर ठाण्याच्या तहसील कचेरीत आणि कल्याणचे कल्याणच्या कचेरीत राही, आणि कोणत्या मानपाड्याविषयी बोलणे चालले आहे याचा निर्णय कागद कोणत्या कपाटातून निघाला यावरूनच होत असे. हा नियम कोणत्याही नोंदवहीत लिहिलेला नव्हता, तो दप्तराच्या मांडणीतच होता. राज्यातील सगळी गावे एकाच संगणकीय भांडारात ठेवण्याची वेळ आली तेव्हा कपाट नाहीसे झाले आणि प्रत्येक गावाला स्वतंत्र सांकेतिक क्रमांक देणे भाग पडले. २०२० मध्ये ठरलेल्या नव्या सातबाऱ्यावर गावाच्या नावाबरोबर जो क्रमांक छापला जातो तो हाच.

एका व्यवस्थेतून दुसरीत जाण्यापूर्वी असे न लिहिलेले नियम शोधून त्यांची नोंद करणे, या कामाला संगणकाच्या व्यवसायात रिव्हर्स इंजिनिअरिंग, मराठीत उकल, असे म्हणतात. आधी आराखडा आणि मग वस्तू हा अभियांत्रिकीचा नेहमीचा क्रम. येथे चालू असलेल्या वस्तूवरून तिचा हरवलेला, किंवा कधी काढलाच न गेलेला, आराखडा तयार करायचा असतो. इलियट चिकोफ्स्की आणि जेम्स क्रॉस या दोन अमेरिकी संशोधकांनी १९९० मध्ये या क्षेत्रातील संज्ञांची जी मांडणी केली, तीत प्रणालीचे घटक व त्यांचे परस्परसंबंध ओळखून तिचे अधिक वरच्या पातळीवरचे वर्णन तयार करणे एवढ्यालाच त्यांनी हे नाव दिले, आणि प्रणालीत बदल करणे या कामातून वेगळे काढले. त्याच मांडणीत त्यांनी आणखी एक भेद केला, जो पुढच्या सगळ्या इतिहासाला लागू पडतो: केवळ प्रोग्रॅम वाचून जे कळते ते निराळे, आणि त्या व्यवहाराची जाण असलेल्या माणसांकडून, बाहेरच्या कागदांवरून आणि तर्काने जे जोडून घ्यावे लागते ते निराळे. पहिले यंत्राच्या मदतीने होऊ शकते. दुसऱ्याला माणसे लागतात, आणि बहुधा ती निवृत्त झालेली असतात.

मुंबई-ठाणे पट्ट्याला हा व्यवसाय नवा नाही. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९७४ मध्ये जे पहिले निर्यातीचे काम केले, ते नवा प्रोग्रॅम लिहिण्याचे नव्हते. बरोज या अमेरिकी कंपनीची रुग्णालयांच्या हिशेबाची एक तयार प्रणाली त्याच कंपनीच्या एका जातीच्या यंत्रावरून दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेण्याचे होते. दोन्हीकडची भाषा कोबॉलच, म्हणजे १९५९-६० मध्ये व्यापारी हिशेबांसाठी घडवलेली भाषा. पण दोन यंत्रांच्या कोबॉलमध्ये बारीकसारीक फरक होते, आणि मुंबईत तेव्हा हाताशी होते ते आयसीएल कंपनीचे तिसरेच यंत्र. तेव्हा या मंडळींनी एका बोलीतले कोबॉल वाचून दुसऱ्या बोलीत उतरवणारा प्रोग्रॅमच लिहिला. भारतीय सॉफ्टवेअर निर्यातीची सुरुवात दुसऱ्याने लिहिलेले वाचण्यापासून झाली, ही गोष्ट या उद्योगाच्या गौरवगाथांत जरा मागेच राहते.

पुढे १९७३ मध्ये स्थापन झालेल्या अंधेरीच्या सीप्झ निर्यात क्षेत्रात हे काम वाढत गेले, आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीस वायटूकेच्या निमित्ताने ते शिगेला पोहोचले. जुन्या प्रोग्रॅमांत जागा वाचवण्यासाठी वर्षाचे शेवटचे दोनच आकडे साठवलेले असत, त्यामुळे २००० साल उजाडताच ते १९०० समजले जाण्याचा धोका होता. दोनाचे चार आकडे करणे वरवर साधे दिसे. प्रत्यक्षात लाखो ओळींच्या प्रोग्रॅमांतून तारीख कुठकुठे आहे हेच आधी शोधावे लागे, कारण तारखेच्या रकान्याला तारीख असे नाव असेलच याची शाश्वती नव्हती. शिवाय काही ठिकाणी ९९ हा आकडा वर्षाचा नसून ‘मुदत नाही’ किंवा ‘माहिती नाही’ या अर्थाने योजलेला असे. जेथे चार आकड्यांना जागा करणे परवडण्याजोगे नव्हते तेथे एक सीमावर्ष ठरवले जाई, म्हणजे उदाहरणार्थ ५० च्या आतले आकडे २००० नंतरचे आणि पुढचे १९०० नंतरचे मानायचे. ही तोडगेवजा रीत स्वतःच एक नवा न लिहिलेला नियम मागे सोडून गेली. टाटांनी १९८१ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या टीआरडीडीसी या संशोधन संस्थेत प्रोग्रॅमचे विश्लेषण करणारी साधने घडली, आणि अशी साधने रचना अचूक दाखवू लागली: कोणता भाग कोणाला हाक मारतो, कोणता आकडा कुठून कुठे वाहतो. तो आकडा तेथे का आहे, हे साधन सांगू शकत नव्हते.

या व्यवसायात एक विचित्र चाल मुरली. उकल करताना निघालेली टिपणे, तक्ते, रकान्यांचे अर्थ हे सगळे मूळ कामाचे साधन मानले जाई; नवी प्रणाली चालू झाली की त्या कागदांचे काम संपे आणि पंचवीस वर्षांनी त्याच प्रणालीला पुन्हा हलवायची वेळ आली की उकल पुन्हा पहिल्यापासून करावी लागे. खाजगी कंपनीच्या हिशेबात ही उधळपट्टी खपून जाते. जमिनीच्या हिशेबात ती खपत नाही, आणि म्हणूनच या विषयाचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके प्रकरण एखाद्या कंपनीच्या नव्हे, तर तलाठ्याच्या दप्तरात सापडते.

सातबारा हा दोन गाव नमुन्यांचा जोड उतारा आहे: नमुना सात हक्कांचा, नमुना बारा पिकांचा. त्यांच्यामागे नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही, उभी असते आणि बाजूला नमुना आठ-अ, म्हणजे एका खातेदाराची गावातली सगळी जमीन एकत्र दाखवणारा उतारा. या रचनेला सलग इतिहास आहे. पुणे भागात प्रिंगल या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२०च्या दशकाच्या अखेरीस केलेली मोजणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ पासून इंदापूर तालुक्यात नवी मोजणी सुरू केली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम बांधले; पण त्या मोजणीचा रोख सारा कोणाकडून घ्यायचा एवढ्यावर होता, जमिनीवर आणखी कोणाचे काय हक्क आहेत यावर नव्हता. तो प्रश्न १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्याने हाती घेतला, १९१३ मध्ये ती व्यवस्था जमीन महसूल अधिनियमात सामावली गेली, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने तिला आजचे रूप दिले. अँडरसन या महसुली अधिकाऱ्याने तयार केलेल्या महसुली हिशेबांच्या पुस्तिकेत प्रत्येक नमुन्याचा रकाना कसा भरायचा याचे तपशीलवार नियम आहेत. सॉफ्टवेअरच्या भाषेत बोलायचे तर कागदी सातबाऱ्याला जशी पुस्तिका लाभली तशी नंतरच्या अनेक संगणकीय प्रणालींना लाभली नाही.

तरीही दप्तर पुस्तिकेच्या पुढे गेले. तलाठ्यांनी शंभर वर्षांत एक लघुलिपी घडवली, जी सगळ्यांना कळे आणि कोठेही पूर्णपणे लिहिलेली नव्हती. ज्याचा हक्क संपला त्याचे नाव खोडायचे नाही, त्याला कंस करायचा. म्हणजे कंसातले नाव वाचायचे पण धरायचे नाही. नावाशेजारच्या वर्तुळातील आकडा हा ज्या फेरफाराने ते नाव लागले त्याचा क्रमांक, आणि तो धरून नमुना सहामध्ये मागे मागे जाता येते. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल तर तो मनुष्य एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे जमीन त्याची एकट्याची नव्हे, ‘अ.पा.क.’ असेल तर तो अज्ञान वारसाचा पालनकर्ता. काही ठिकाणी हिस्से आण्यापैंत, म्हणजे सोळा आण्यांचा एक पूर्ण धरून, मांडलेले. इतर अधिकाराच्या रकान्यात कुळाचे नाव, सोसायटीचा बोजा, विहिरीतला वाटा, आणि कूळ कायद्याच्या कलम ४३ चा शेरा, ज्याचा अर्थ असा की ही जमीन कुळाला कायद्याने मिळाली असल्यामुळे ती विकण्यावर निर्बंध आहेत. आदिवासी खातेदाराच्या जमिनीवरही हस्तांतराचे असेच निर्बंध आहेत. ठाणे जिल्ह्यात, जेथे शेतजमिनींचे इमल्यांत रूपांतर झपाट्याने झाले, तेथे या चार शब्दांच्या शेऱ्यांवर मोठे व्यवहार अडले किंवा सुटले आहेत.

केंद्र सरकारने १९८८-८९ मध्ये भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना आठ राज्यांतील आठ जिल्ह्यांत प्रयोगादाखल सुरू केली, तेव्हा महाराष्ट्रातून वर्धा जिल्हा निवडला गेला. पुढे योजना इतर जिल्ह्यांत पसरली आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील शाखेने घडवलेल्या प्रणालीत हस्तलिखित सातबारे टंकून घेण्याचे काम वर्षानुवर्षे चालले. हे एका व्यवस्थेतून दुसरीत स्थलांतर होते, पण त्याआधी उकल झाली नव्हती. झाली असेल तर ती रकान्यांची झाली, लघुलिपीची नव्हे. टंकणारा हात तलाठ्याचा असेलच असे नव्हते. ज्याला कंसाचा अर्थ ठाऊक नाही त्याच्या दृष्टीने कंस हे विरामचिन्ह आहे, आणि ‘ए.कु.मॅ.’ ही नावानंतरची तीन अक्षरे. ती गळली तर उतारा उलट अधिक नीटनेटका दिसतो. मात्र गळलेल्या तीन अक्षरांबरोबर भावंडांचा हक्क उताऱ्यावरून नाहीसा होतो, आणि संहितेच्या कलम १५७ नुसार हक्कनोंदीतील प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जात असल्यामुळे, ते सिद्ध करण्याचा भार ज्याचे नाव गेले त्याच्यावर पडतो.

क्षेत्राच्या आकड्यांनी वेगळीच पेचप्रसंगांची मालिका उभी केली. जुन्या नोंदी एकर-गुंठ्यांत होत्या, चाळीस गुंठ्यांचा एकर; मेट्रिक मापे आल्यावर त्या हेक्टर-आरमध्ये आल्या. एक गुंठा म्हणजे साधारण १.०१ आर, त्यामुळे प्रत्येक रूपांतरात थोडे उरते किंवा कमी पडते, आणि एका गटाचे आठ-दहा हिस्से वेगवेगळे रूपांतरित करून बेरीज केली तर ती मूळ गटाच्या क्षेत्राशी जुळेलच असे नाही. कागदावर तलाठी हा फरक नजरेआड करी. कोणाचेही भांडण नसले की तो फरक म्हणजे फरक नव्हे, अशी दप्तराची समजूत होती. संगणकाला अशी समजूत घालता येत नाही. हिश्शांची बेरीज एकूण क्षेत्राएवढी असली पाहिजे ही अट एकदा प्रणालीत घातली की जुळत नसलेला प्रत्येक उतारा तिला चूक वाटतो. या अटीमुळेच शेकडो जुन्या विसंगती प्रथम उजेडात आल्या हेही खरे, आणि त्यांतल्या काही विसंगती मुळात चुका नसून सामाईक खात्यांची नोंद करण्याच्या स्थानिक रीती होत्या हेही तितकेच खरे.

त्यात भर लिपीची. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्राने संगणकावर देवनागरी रुळवली, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने इस्की हे संकेतमानक ठरवले, ज्यात अक्षर उच्चाराच्या क्रमाने साठवले जाते: ‘कि’ मध्ये आधी क, मग वेलांटी. परंतु खाजगी कार्यालयांत आणि छापखान्यांत जे मराठी फाँट रूढ झाले त्यांत साठवले जाई ते अक्षर नव्हे तर त्याचे दिसणारे तुकडे, आणि तेही दिसण्याच्या क्रमाने. म्हणजे ऱ्हस्व वेलांटी डावीकडे दिसते म्हणून आधी वेलांटी, मग क, आणि रफार वर-उजवीकडे दिसतो म्हणून तो अक्षरानंतर. एका कंपनीच्या फाँटात ज्या क्रमांकावर ‘श’ची दांडी, त्याच क्रमांकावर दुसऱ्या कंपनीच्या फाँटात भलतेच चिन्ह. असा मजकूर युनिकोडमध्ये आणायचा तर प्रत्येक फाँटाची उकल वेगळी करावी लागे, आणि कोणता मजकूर कोणत्या फाँटात होता हे फाईल स्वतः सांगेलच असे नव्हते.

युनिकोडमध्ये आल्यावरही प्रश्न मिटला नाही. मराठीला ज्याशिवाय चालत नाही तो अर्धा र, गोऱ्हे किंवा कुऱ्हाडे या आडनावांतला, दोन वेगवेगळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. ‘ॲ’चे तेच, हे अक्षर स्वतंत्र संकेत म्हणून युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले, त्याआधी ते अ आणि वरचा चंद्र असे दोन तुकड्यांत लिहिले जाई. डोळ्यांना एकच असलेला खातेदार यंत्राच्या लेखी अशा रीतीने दोन खातेदार होतो, आणि नमुना आठ-अ मध्ये त्याची जमीन दोन खात्यांत विभागली जाते. मुंबईच्या कोबॉल वाचकांना असला प्रश्न कधी भेटला नव्हता, कारण त्यांच्या गिऱ्हाइकांची नावे इंग्रजी मोठ्या अक्षरांत होती.

२००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम मंजूर झाला आणि पुढच्या दशकात महाराष्ट्रात ई-फेरफार ही नवी प्रणाली आली. जुन्या प्रणालीत प्रत्येक तालुक्याचे भांडार तालुक्यात होते. नवी प्रणाली दुय्यम निबंधकाच्या नोंदणी प्रणालीशी जोडलेली, म्हणजे खरेदीखत नोंदले की त्याची सूचना थेट तलाठ्याकडे जाऊन फेरफाराची प्रक्रिया सुरू होणार. पूर्वी फेरफार नोंदवणे, संबंधितांना नोटीस देणे, हरकतींसाठी पंधरा दिवस थांबणे आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करणे या पायऱ्या माणसांच्या सवयीने चालत. आता त्या प्रोग्रॅममध्ये बांधायच्या होत्या. पण आधी हा प्रश्न होता, की जुन्या भांडारातला मजकूर हस्तलिखिताशी जुळतो का. मधल्या वर्षांत काही फेरफार फक्त कागदावर झाले होते, काही फक्त संगणकात. दोन्हींपैकी कोणतेही एक खरे धरून चालणार नव्हते.

यासाठी जी मोहीम झाली तिला महसूल खात्यात आधी एडिट आणि मग री-एडिट असे नाव पडले. संगणकातल्या सातबाऱ्याची प्रत काढायची, ती हस्तलिखिताशी ओळीओळीने ताडायची, फरकांची यादी करायची, आणि लेखनप्रमादाच्या दुरुस्त्या संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराच्या आदेशाने करायच्या. येथपर्यंतचे काम कोणत्याही सॉफ्टवेअर कंपनीच्या पद्धतीशी मिळतेजुळते आहे. वेगळेपण होते ते पुढच्या पायरीत. २०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडीवाचन घेण्यात आले, म्हणजे संगणकातले उतारे गावात खातेदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवण्यात आले आणि हरकती घेतल्या गेल्या. चावडीवर नोंदी वाचून दाखवण्याची रीत महसूल प्रशासनात जुनी. तिचा असा उपयोग मात्र नवा होता.

चिकोफ्स्की आणि क्रॉस यांनी प्रोग्रॅमबाहेरून आणावी लागणारी जी जाण म्हटली होती, ती येथे अक्षरशः समोर बसलेली होती. कंसातले नाव कंसाबाहेर आले आहे हे यंत्राने ताडून कळेल. पण हस्तलिखितातच कंस करायचा राहून गेला होता, त्या माणसाने हिस्सा सोडून तीस वर्षे झाली आहेत, हे फक्त शेजाऱ्याला ठाऊक असते. कोणताही तक्ता हे सांगू शकत नाही. अर्थात चावडीवाचन सगळीकडे सारखे झाले नाही. ज्या गावात खातेदार गावातच राहतात तेथे ते जिवंत झाले, आणि जेथे खातेदार मुंबईत किंवा त्याहून दूर, आणि गावाची चावडीच इमारतींच्या गर्दीत हरवलेली, तेथे ते उरकले गेले असण्याचा संभव मोठा आहे. ठाणे आणि कल्याण तालुक्यांतील शहरालगतच्या गावांची स्थिती दुसऱ्या प्रकारची होती, आणि जमिनीची किंमत सर्वाधिक तेथेच होती. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा मिळू लागला. तोवर जे दुरुस्त झाले ते स्वाक्षरीनिशी दुरुस्त झाले, आणि जे राहून गेले तेही स्वाक्षरीनिशी राहिले.

डोंबिवलीकडच्या मानपाड्याच्या भोवताली अशा स्थलांतरांची एक वेगळी साखळी आहे, आणि तीत जमीन जागची हलली नसून कारभार हलत राहिला. कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली तेव्हा परिसरातील २७ गावे तिच्यात होती; २००२ मध्ये ती वगळली गेली; २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट झाली; २०२० मध्ये त्यांतील १८ गावे वेगळी करण्याचा निर्णय झाला आणि उच्च न्यायालयात तो टिकला नाही. प्रत्येक वेळी घरपट्टीचे दप्तर एका पद्धतीतून दुसरीत गेले. ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे कर आकारणीची नोंदवही, घराला मालक आणि घर क्रमांक यांवरून ओळखतो. महापालिका मालमत्तेला तिच्या सांकेतिक क्रमांकावरून ओळखते. विशेष म्हणजे ही महापालिका संगणकीकरणात राज्यात आघाडीवर होती, १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिने हाती घेतलेली पद्धत पुढे इतर नागरी संस्थांसाठी नमुना मानली गेली. आणि नेमकी ती प्रणाली बाळसे धरत असतानाच ही गावे तिच्याबाहेर गेली. परत आली तेव्हा मधल्या तेरा वर्षांत उभ्या राहिलेल्या इमारती सोबत घेऊन आली.

याच पट्ट्यातील सहकारी बँकांना नामसाम्याच्या प्रश्नाची आर्थिक आवृत्ती सोडवावी लागली. डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७० ची, ठाणे जनता १९७२ ची, कल्याण जनता १९७३ ची. डोंबिवली नागरीचे मुख्य कार्यालय कल्याण-शीळ रस्त्यावर सोनारपाड्याला, म्हणजे मानपाड्याच्या शेजारीच आहे. भारतीय बँकांत आधी खातेवह्या यंत्रावर आल्या, मग शाखा संगणकावर आली, आणि शेवटी सर्व शाखा एकाच केंद्रीय प्रणालीत आल्या, जिला कोअर बँकिंग म्हणतात. शाखा स्वतंत्र असताना प्रत्येक शाखेत एक नंबरचे बचत खाते होते आणि ते कोणाचे हे शाखेच्या भिंतींवरून ठरत असे. केंद्रीय प्रणालीत शाखेचा क्रमांक खात्याच्या पोटात घालावा लागला, आणि व्याज कोणत्या दिवसापासून धरायचे, पैशांची पूर्णांकात गोळाबेरीज कशी करायची यांसारख्या शाखेशाखेच्या सवयी आधी उघड करून मग एकसारख्या कराव्या लागल्या. बँकेत मात्र पडताळणीला एक आधार असतो जो जमिनीला नाही: स्थलांतराच्या रात्री जुन्या आणि नव्या प्रणालीतील शिल्लक पैशापर्यंत जुळली पाहिजे.

ठाण्याकडच्या मानपाड्याची पाठ ज्या येऊरच्या डोंगराला लागते, त्या बाजूला जुन्या नोंदींचा सर्वांत धक्कादायक प्रसंग घडला. भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५ खाली १९५०च्या दशकात मुंबई-ठाणे परिसरातील काही खाजगी जमिनींबाबत नोटिसा निघाल्या होत्या. पुढे त्यांच्यावर बहुतेक ठिकाणी काहीच झाले नाही. १९७५ मध्ये महाराष्ट्र खाजगी वने संपादन अधिनियम आला, आणि त्यातील व्याख्येनुसार ज्या जमिनीबाबत अशी नोटीस निघाली आहे तीही खाजगी वन ठरून सरकारजमा होत होती. सातबाऱ्यावर त्याचा काही पडसाद नव्हता. बांधकाम परवानग्या मिळत गेल्या, इमारती झाल्या, घरे विकली गेली. २००५ च्या सुमारास न्यायालयीन आदेशांनंतर दप्तर अद्ययावत करताना हे शेरे इतर अधिकारात चढले आणि मुलुंड-ठाणे पट्ट्यातील हजारो कुटुंबांना आपले घर वनजमिनीवर असल्याचे कळले. मुंबई उच्च न्यायालयाने २००८ मध्ये शासनाची बाजू मान्य केली. सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०१४ रोजी गोदरेज आणि बॉईस प्रकरणात ती नाकारली, आणि नोटीस केवळ काढली जाणे पुरेसे नाही, ती बजावली जाऊन तिच्यावरची कार्यवाही जिवंत असली पाहिजे असा अर्थ लावला.

जुन्या प्रोग्रॅमांत कधीच न चालणाऱ्या ओळी असतात, ज्यांना या व्यवसायात डेड कोड म्हणतात, आणि त्या काढून टाकाव्यात की जपाव्यात यावर प्रत्येक स्थलांतरात वाद होतो. काढल्या तर क्वचित लागणारा नियम जातो, जपल्या तर एखाद्या नव्या अटीने त्या अचानक जिवंत होतात. त्या नोटिसांचे नेमके दुसरे झाले. उकल करणारा मनुष्य ओळ काय करते एवढेच सांगू शकतो. ती अजून लागू आहे का, हे ठरवण्याचा अधिकार त्याचा नसतो, आणि येथे तो ठरवायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

शहरी भागात आता सातबाऱ्यालाच निरोप देण्याचे काम चालू आहे. ज्या भागाचे नगर भूमापन झाले आहे तेथे मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, हा हक्काचा अभिलेख असतो, तरी अनेक ठिकाणी त्याच जमिनीचा सातबाराही चालू राहिला आणि एकाच जागेचे दोन उतारे वेगवेगळ्या नावांनी फिरू लागले. जमाबंदी आयुक्तालयाने २०२१ मध्ये अशा ठिकाणचे सातबारे बंद करण्याचे काम हाती घेतले. दोन्ही नमुन्यांचे रकाने एकास एक जुळत नाहीत. मिळकत पत्रिकेत पीक नाही, हे साहजिकच; पण कूळ, कलम ४३ चा निर्बंध, आदिवासी खातेदाराचा शेरा, नागरी जमीन कमाल धारणा कायद्याखालची जुनी नोंद, हे सगळे ज्या इतर अधिकाराच्या रकान्यात सातबाऱ्यावर दाटीने बसले होते, त्यांतले जे अजून लागू आहे ते निवडून पत्रिकेच्या भार आणि शेऱ्यांच्या रकान्यांत नेल्याशिवाय उतारा बंद करता येत नाही, आणि ती निवड गटागणिक कोणाला तरी फेरफार वाचूनच करावी लागते.